भगवानदादांची पावले आणि गिरणगावचा नाच

अनंत चतुर्दशीला लालबागहून निघालेली मिरवणूक गिरगाव चौपाटीला पोहोचेपर्यंत पुष्कळदा दुसरा दिवस उजाडतो. एवढा वेळ रस्त्यावर जे हजारो लोक नाचत असतात, त्यांच्या नाचाला मुंबईत ‘गणपती डान्स’ असे नाव आहे. हे नाव उच्चारताना बोलणाऱ्याच्या ओठांवर बहुधा हसू असते. ज्याला नाचता येत नाही त्याचा नाच, असा त्या शब्दाचा ध्वनी. आजच्या धाग्याचा विषय तोच नाच आहे आणि त्याला पडद्यावर आकार देणारा माणूस आहे : मास्टर भगवान, अर्थात भगवान आबाजी पालव, अर्थात आपले भगवानदादा.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. दादांची कहाणी आपण फार वेळा सांगितली; त्यांची कला मात्र सांगायची राहून गेली. आठवड्याच्या सात दिवसांसाठी सात मोटारी, जुहूचा पंचवीस खोल्यांचा बंगला आणि अखेर दादरची चाळ, एवढ्यावर आपले स्मरण संपते. ज्या पायांनी ते वैभव मिळवले, त्या पायांची चर्चा आपण करीत नाही. याचे कारण मला अगदी साधे वाटते. तो नाच गिरणी कामगारांच्या वस्तीतला होता, आणि त्या वस्तीतल्या कलेला कला म्हणण्याची आपल्याला सवय नाही.

ही सवय जगात सर्वत्र अशीच आहे असे नाही. म्हणून थोडे दुरून येऊ.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात कापडगिरण्या होत्या. सूत तुटू नये म्हणून गिरणीतली हवा दमट ठेवावी लागे, पायाखालची जमीन ओली असे, आणि कामगार लाकडी तळाचे जोडे वापरीत. दिवसभर कानांवर मागाचा ठोका. त्या ठोक्याला पायातल्या लाकडाने उत्तर द्यायची खोड लागली आणि त्यातून तिथला ‘क्लॉग’ नाच घडला, असे त्या नाचाचे जाणकार सांगतात. चार्ली चॅप्लिन लहानपणी असा नाच करणाऱ्या मुलांच्या एका संचात होता; ‘एट लँकेशायर लॅड्स’ हे त्याचे नाव. स्थलांतरितांबरोबर हा नाच अमेरिकेत उतरला. तिथे त्याला आयर्लंडचा जिग भेटला, आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचा नाचही भेटला. १७३९ साली साउथ कॅरोलिनात गुलामांनी बंड केले, आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल काढून घेतला तेव्हा ताल पायांत उतरला. या साऱ्या मिश्रणाला पुढे ‘टॅप’ म्हणू लागले. जोड्याच्या टाचेला आणि चवड्याला धातूच्या पट्ट्या, खाली कठीण जमीन. नर्तक नाचतो आणि स्वतःच्या नाचाचा पखवाजही स्वतःच वाजवतो.

आज ज्या टॅपकडे जग आदराने पाहते, त्याच्या आजोळी कापडगिरणी आहे, हे ध्यानात ठेवावे.

लँकेशायरला टक्कर देणारे शहर म्हणजे मुंबई. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये गिरणीचा घाट घातला आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सारा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. गिरण्यांत राबायला माणसे आली ती मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून, आणि येताना आपापला नाच घेऊन आली. रत्नागिरीकडचे कुणबी जाखडी नाचत. कानातल्या बाळ्यांवरून शहराने त्यांना ‘बाल्या’ म्हटले आणि त्यांच्या नाचाला बाल्या नाच. पायात चाळ बांधून, मृदंगाभोवती रिंगण धरून ते पावले टाकीत. (पायात बांधायची ती चाळ आणि राहायची तीही चाळ, मराठीने हा श्लेष मुंबईसाठीच राखून ठेवला असावा.) घाटावरचे लोक लेझीम आणि तमाशा घेऊन आले, लोअर परळच्या हनुमान थिएटरात फडांचे खेळ होत. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसू लागला आणि उत्सवाबरोबर मेळे आले : गणवेश घातलेली पोरे, ठेक्यावर पडणारी एकसारखी पावले, पदे. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. लँकेशायरच्या एका क्लॉगच्या जागी आमच्याकडे पाच-सहा प्रकारचे नाच एकाच रस्त्यावर नांदत होते.

या वस्तीत एका गिरणी कामगाराचा मुलगा वाढला. जन्म १ ऑगस्ट १९१३. पालव हे आडनाव कोकणाकडचे. पोरवयात त्यानेही मजुरी केली; वेड मात्र सिनेमाचे. मूकपटांच्या अखेरच्या दिवसांत किरकोळ कामे मिळवली, मग पडद्यामागचे सारे व्यवहार शिकून घेतले, आणि १९३८ मध्ये चंद्रराव कदम यांच्यासह ‘बहादूर किसान’ दिग्दर्शित केला.

त्याच वर्षी धोबीतलावला मेट्रो चित्रपटगृह उघडले. हॉलिवूडच्या मेट्रो गोल्डविन मेयर कंपनीने स्वतः बांधलेले ते थिएटर. उद्घाटनाचा चित्रपट होता ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३८’, आणि त्यात एलेनॉर पॉवेल नाचली होती, जिची गणना टॅपच्या सर्वश्रेष्ठ नर्तकींमध्ये होते. गिरगावातून चालत गेले तर मेट्रो फार लांब नाही. त्या काळच्या मुंबईत अमेरिकन पाय आणि कोकणी पाय यांच्यामध्ये जेमतेम एका ट्रामच्या तिकिटाचे अंतर होते.

दादांवर हॉलिवूडचा सगळ्यात मोठा संस्कार मात्र नाचणाऱ्यांचा नव्हता. तो डग्लस फेअरबँक्सचा होता. उड्या, तलवारी, मारामाऱ्या. त्यांनी १९३८ पासून पुढची दहा-अकरा वर्षे जे चित्रपट काढले ते बहुतेक स्टंटपट होते. खर्च बेताचा, कपडे स्वतः ठरवायचे, मंडळींच्या जेवणाची सोयदेखील स्वतः पाहायची. प्रेक्षक पिटातला : पाळी संपवून आलेला, खिशात मोजके आणे असलेला कामगार. समीक्षकांनी या चित्रपटांकडे ढुंकूनही पाहिले नाही. त्या बेफाम शरीरकामाची किंमत इतरांनाही मोजावी लागली, हे लपवण्याचे कारण नाही. एका दृश्यात दादांनी मारलेली थप्पड जोरात बसली आणि ललिता पवार यांचा डावा डोळा कायमचा अधू झाला; नायिकेच्या भूमिका करणाऱ्या एका गुणी नटीला त्यानंतर खाष्ट सासूच्या वाटेने जावे लागले. दादांचा गौरव करताना हे पान फाडून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल.

त्या स्टंटपटांपैकी बहुतेक आज पाहायलाही मिळत नाहीत. तरी त्यांतून दादांना एक गोष्ट मिळाली आणि ती आपल्याला पुढच्या चित्रपटांत दिसते. पडायचे कसे, तोल कुठे न्यायचा, अंग केव्हा सैल सोडायचे आणि केव्हा आवळायचे, याचे शिक्षण. हे त्यांचे नृत्यविद्यालय म्हणायला माझी हरकत नाही.

१९४२ मध्ये त्यांनी जागृती पिक्चर्स ही संस्था काढली. पुढे चेंबूरला जागा घेऊन जागृती स्टुडिओ उभा केला. या काळात त्यांच्या जोडीला एक मित्र होता. पुणतांब्यात जन्मलेला, दादांपेक्षा पाचएक वर्षांनी लहान, रामचंद्र नरहर चितळकर. सी. रामचंद्र म्हणून देश ज्याला ओळखतो त्या संगीतकाराची सुरुवात दादांबरोबरच झाली. ‘वनमोहिनी’ हा त्यांचा तमिळ चित्रपटसुद्धा त्यातलाच. आणि मग राज कपूर यांनी दादांना सल्ला दिला की मारामाऱ्या पुरे, आता सामाजिक चित्रपट काढा. त्यातून १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही दादा. गीते राजेंद्र कृष्ण यांची. नायिका गीता बाली. ‘आवारा’ आणि ‘बाजी’ ज्या वर्षी आले त्या वर्षी कमाईत या चित्रपटाने त्यांच्या पाठोपाठ जागा मिळवली.

नायकाकडे जरा पाहा. वय अडतीस. उंची बेताची, बांधा थोराड, चेहरा शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसाचा. चित्रपटात तो एक गरीब कारकून आहे, नाटकाच्या वेडापायी घराबाहेर पडतो, रंगभूमीवर नाव काढतो, आणि परततो तेव्हा आई उरलेली नसते. कथा साधीच. पण त्या काळच्या नायकांमध्ये असा एकही नव्हता ज्याला पाहून लालबागच्या पोराला वाटावे की हे मलाही जमेल. दादांनी ते वाटायला लावले, आणि तेही नाचून.

‘अलबेला’च्या संगीतात एक गोष्ट आहे जिच्याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो. सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गोव्याचे जॅझ वादक होते. त्यांतला एक ट्रम्पेटवादक आंतोनियो शावियर वाझ, हळदोण्याचा. मुंबईच्या हॉटेलांत तो ‘चिक चॉकलेट’ या नावाने वाजवी आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. ‘अलबेला’च्या एका गाण्यात चिक आणि त्याचा संच झालरीच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावरही दिसतो. आता टॅप आणि जॅझ ही सख्खी भावंडे. एकाच गल्लीत, एकाच दारिद्र्यात वाढलेली. जॅझ गोव्याच्या माणसाच्या ट्रम्पेटमधून ‘अलबेला’त आला आणि त्याच्यावर नाचायला उभा राहिला तो दादरचा गिरणी कामगाराचा मुलगा. पायाला धातूची पट्टी नाही, जमीन लाकडी नाही. मग त्याने काय केले?

‘शोला जो भडके’ आणि ‘भोली सूरत दिल के खोटे’ ही दोन गाणी आवाज बंद करून पाहावीत. (खरेच पाहावीत, आवाजासह आपण फक्त ऐकतो.) कोपरे छातीच्या उंचीला दुमडलेली. मनगटे सैल. पाऊल वीतभर सरकते, जमिनीवरून फारसे उठत नाही. ठोका गुडघ्यातून वर चढतो आणि खांद्यांत दिसतो. आधी एक खांदा, मग दुसरा. मान किंचित मागे, डोळ्यांत मिस्कील भाव, जणू आपण फार मोठे काही करीत नाही आहोत. सभोवती कोरस धावपळ करतो आणि हा माणूस एका पाटाएवढ्या जागेत सारे काम उरकतो. टॅप नर्तक पायाने ताल ऐकवतो. दादा अंगाने ताल दाखवतात. आणि गंमत म्हणजे पार्श्वगायनही मित्राचेच. ‘चितळकर’ या नावाने सी. रामचंद्र स्वतःच दादांसाठी गात होते, त्यामुळे गळा आणि खांदा एकाच लयीत श्वास घेतात.

हा नाच मिरवणुकीत का शिरला, याचे उत्तर त्याच्या बांधणीत आहे असे माझे मत आहे. मिरवणुकीतला नाच कसा असावा लागतो? दोन्ही बाजूंना माणसांचे खांदे लागलेले असतात, म्हणून हात लांब करता येत नाहीत. मिरवणूक सरकत असते, म्हणून नाचता नाचता पुढे जाता आले पाहिजे. पायात चप्पल असते किंवा नसते, खाली डांबर. आणि तो बारा-पंधरा तास टिकला पाहिजे, म्हणजे गुडघ्यांवर भार नको, उड्या नकोत. दादांचा नाच या साऱ्या अटी जशाच्या तशा पाळतो, कारण त्या अटींच्या वस्तीतच तो जन्मला. बाल्या नाचाचे लहान पाऊल, लेझमीचा खांदा, मेळ्यातली शिस्त मोडून आलेला खट्याळपणा हे सारे मला त्यात दिसते. म्हणून मी म्हणेन की गणपतीतल्या लोकांनी दादांची नक्कल केली हे अर्धेच खरे. दादांनी त्यांच्याकडून घेतले होते, ते त्यांनी परत घेतले. बेंजो पार्टीने त्या चाली उचलल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या ते पाऊल हातोहात, खरे म्हणजे पायोपायी, चालत आले.

चित्रपटसृष्टीतही ते चालत राहिले. अमिताभ बच्चन यांच्या नाचातला तो आखडता, स्वतःवरच हसणारा डौल कुठून आला, हे तिथे उघडपणे बोलले जाते. मिथुन, गोविंदा, ऋषी कपूर यांचीही नावे या यादीत घेतात. एवढे शिष्य असलेल्या शास्त्रीय नर्तकाला आपण घराण्याचा संस्थापक म्हटले असते.

इथे परळच्या राजकमल स्टुडिओची आठवण होते. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये स्थापन केलेल्या या स्टुडिओचा ‘झनक झनक पायल बाजे’ १९५५ मध्ये आला. शास्त्रीय नृत्याच्या पावित्र्याचा हा भव्य रंगीत उत्सव. नायक गोपीकृष्ण, ते मोठे नर्तक, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. त्याच चित्रपटात भगवानदादाही आहेत. कशासाठी? हसवण्यासाठी. चार वर्षांपूर्वी ज्या माणसाने देशाला नाचवले, त्याला नृत्यावरच्या चित्रपटात नाचणारा म्हणून जागा नव्हती, विदूषक म्हणून होती. शांतारामबापूंना दोष द्यावा असे यात काही नाही. त्या काळात सारा समाजच नृत्याची उतरंड अशी रचत होता. देवळातले, दरबारातले नृत्य वर, फडातले त्याखाली, रस्त्यावरचे सर्वांत खाली. ती उतरंड आजही तशीच आहे, म्हणून हा धागा लिहावा लागतो.

पुढची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. ‘झमेला’ १९५३ मध्ये आला, ‘लाबेला’ १९६६ मध्ये. ‘अलबेला’ची जादू परतली नाही. स्टुडिओ गेला, बंगला गेला, मोटारी गेल्या. नंतरची कित्येक वर्षे दादा पडद्यावर क्षणभर येत, दोन पावले नाचत आणि जात. सी. रामचंद्र, ओमप्रकाश, राजेंद्र कृष्ण असे थोडे मित्र चाळीत भेटायला येत राहिले. विसर्जनाच्या मिरवणुका त्या चाळीपाशी रेंगाळत आणि दादा खाली येऊन आपले पाऊल टाकत, असे त्या भागातले लोक सांगतात. ४ फेब्रुवारी २००२ रोजी दादरच्या घरीच त्यांचा अंत झाला.

या उतरणीवर आपण इतके का रमतो? २०१६ मध्ये आलेल्या ‘एक अलबेला’त मंगेश देसाई यांनी दादांचे खांदे आणि चाल फार मेहनतीने उभी केली, हे कबूल. तरी लोकांच्या तोंडी राहिली ती पुन्हा मोटारींचीच गोष्ट. श्रीमंतीतून गरिबीत गेलेल्या कलावंताची गोष्ट सांगणाऱ्याला सुखद वाटते. तिच्यात जपून खर्च करण्याचा उपदेश फुकट मिळतो. शिवाय ‘अखेर चाळीत राहावे लागले’ हे वाक्य तपासून पाहावे. चाळीत राहणे ही ज्यांना शिक्षा वाटते त्यांचे ते वाक्य आहे. लक्षावधी माणसे तिथे आयुष्य काढत होती. दादा जिथून निघाले तिथेच परतले, आणि त्यांचा नाच तर तिथून कधी निघालाच नव्हता.

अमेरिकेतले एक उदाहरण देतो, कारण ते फार जवळचे आहे. बिल रॉबिन्सन, टोपणनाव ‘बोजँगल्स’, हा कृष्णवर्णीय टॅप नर्तक. जिन्याच्या पायऱ्या चढत-उतरत केलेला त्याचा नाच जगप्रसिद्ध होता. १९३५ च्या ‘द लिटल कर्नल’ या चित्रपटात त्याने छोट्या शर्ली टेंपलचा हात धरून तो केला. त्यानेही लाखो डॉलर मिळवले आणि उधळले. १९४९ मध्ये तो गेला तेव्हा हाती काही नव्हते. अंत्यविधीचा खर्च एका मित्राने उचलला आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर माणसांची रीघ लागली. गोष्ट दादांचीच. फरक पुढे आहे. १९८९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून रॉबिन्सनचा जन्मदिवस, २५ मे, राष्ट्रीय टॅप नृत्य दिन ठरवला. त्या दिवशी तिथे लोक त्याच्या दारिद्र्याची चर्चा करीत नाहीत. ते त्याची पावले शिकतात आणि शिकवतात.

आपल्याकडे १ ऑगस्ट आधीच भरलेला दिवस आहे. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, अण्णाभाऊंची जयंती आणि भगवानदादांचाही जन्मदिवस. उत्सव रस्त्यावर आणणारा, रस्त्यावरच्या माणसाला शब्द देणारा आणि त्याच रस्त्यावर नाचणारा, असे तिघे एका तारखेला जमावेत हा निव्वळ योगायोग. पण गिरणगावाच्या दृष्टीने लोभस. पहिल्या दोघांसाठी सभा होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. तिसऱ्यासाठी सभा नको, पुतळा तर नकोच. नाचणाऱ्या माणसाचा पुतळा ही कल्पनाच मुळात विसंगत आहे.

त्याऐवजी काम तातडीचे आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या उठल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, आणि ते पाऊल पहिल्या हाताने शिकलेली माणसे आता म्हातारी झाली आहेत. डीजेचा ठेका इतका जलद आणि जड असतो की त्यावर फक्त उड्या मारता येतात. खांद्यापर्यंत ताल चढायला वेळच मिळत नाही. बेंजो पार्ट्या आहेत, पण त्यांच्या सुपाऱ्या घटत चालल्या आहेत. लोककलेवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी लावणी आणि जाखडीबरोबर मिरवणुकीच्या नाचाचीही नोंद घ्यावी : कोणत्या गल्लीत कोणते पाऊल, कोणाकडून आले, कोणत्या चालीवर बसते. नृत्याच्या अभ्यासक्रमात ‘अलबेला’ची दोन गाणी दाखवावीत आणि विद्यार्थ्यांना ती पाटाएवढ्या जागेत करायला लावावीत, कठीण आहे हे दहा मिनिटांत कळेल.

आणि या वर्षी लालबागच्या नाक्यावर जे मोबाइल उंचावून उभे असतील, त्यांनी मूर्ती टिपून झाल्यावर पाच मिनिटे कॅमेरा खाली करावा. पुढे बँडच्या अगदी जवळ, घामाने सदरा अंगाला चिकटलेला, साठी उलटलेला एखादा गृहस्थ डोळे अर्धवट मिटून नाचत असेल. त्याचे पाय टिपावेत, मग खांदे. नाव विचारून घ्यावे, आणि हे कोणाकडून शिकलात हेही.